ठाण्याहून वेलंकनीला जाताय? मग परतीचं तिकीट तंजावरहून काढा

तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आरोग्य मातेचं प्रसिद्ध चर्च आहे ते वेलंकनी, आणि आपल्याकडचे तिथे जाणारे बहुतेक लोक ठरलेल्या पद्धतीनेच जातात. गाडीतून उतरायचं, लॉजवर सामान टाकायचं, मातेचं दर्शन घ्यायचं, मेणबत्ती लावायची, बीचवर एक चक्कर, शंखशिंपल्यांच्या माळा, आणि दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत. नवस फेडायचा असेल आणि रजाच नसेल तर ठीक आहे, पण एवढ्या लांब जाताच आहात तर अजून दोन दिवस हातात ठेवा, कारण त्या गावापासून उत्तरेला पन्नासेक किलोमीटरच्या आत पोर्तुगीज, डच, फ्रेंच आणि डॅनिश असे चार वेगवेगळ्या युरोपियन लोकांचे अवशेष एकाच किनाऱ्यावर आहेत, आणि पश्चिमेला नव्वदेक किलोमीटरवर तंजावर आहे, जिथे जवळपास पावणेदोनशे वर्षं आपल्या भोसल्यांचं राज्य होतं. मराठी माणूस वेलंकनीपर्यंत जातो आणि तंजावर न बघता परत येतो हे मला पटतच नाही. तर हे सगळं एका ट्रिपमध्ये कसं बसवायचं ते सांगतो.

मी स्वतः ख्रिश्चन नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण ठाण्यात वाढलेल्या माणसाला वेलंकनी नवीन नसते, शेजारपाजारचे ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबई-ठाण्याकडचे मूळचे मराठी ख्रिश्चन), गोवन, मंगलोरी, मल्याळी कोणी ना कोणी जाऊन आलेलं असतं आणि तिथल्या तेलाची छोटी बाटली आपल्याही घरी येते. आणि तिथे गेल्यावर कळतं की येणाऱ्यांत हिंदू खूप असतात, कोणी विचारत नाही तुम्ही कोण, त्यामुळे "आपल्याला चालेल का" हा प्रश्न डोक्यातून काढून टाका.

कधी जायचं, म्हणजे खरं तर कधी जायचं नाही

मोठा सण 29 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर. 29 ला संध्याकाळी झेंडा चढतो, मग नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, रोज संध्याकाळी मातेच्या रथाची मिरवणूक, आणि 8 सप्टेंबरला मारियामातेचा जन्मदिवस. त्या दिवसांत लाखोंनी लोक येतात, तमिळनाडूतून भगवे कपडे घालून शेकडो किलोमीटर पायी चालत येणारे जथे असतात, आपल्या वारीसारखंच दृश्य म्हणा ना. त्या दिवसांत मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, तमिळ, मल्याळम, तेलुगू, कन्नड, कोंकणी, हिंदी, इंग्रजी आणि मराठीतही होते, हे ऐकून मला फार भारी वाटलं होतं. वातावरण म्हणाल तर बघण्यासारखंच, पण लहान मुलं किंवा गुडघे दुखणारे आईवडील बरोबर असतील तर सणात नेऊ नका. रूम मिळत नाही, मिळाली तर भाव काहीच्या काही, आणि बाकीची ठिकाणं बघणं जवळपास अशक्य. शिवाय हे दिवस बऱ्याचदा आपल्या गणपतीच्या आगेमागेच येतात, म्हणजे घरून निघणंच मुश्किल.

दुसरी गोष्ट आपल्या लोकांना लक्षातच येत नाही. आपल्याकडे ऑक्टोबर आला की पाऊस संपला असं आपण धरून चालतो आणि दिवाळीच्या सुट्टीत बुकिंग टाकतो. त्या किनाऱ्यावर मोठा पाऊस तेव्हाच सुरू होतो! ईशान्य मोसमी वारे, ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि त्यातच चक्रीवादळं. 2018 मध्ये 16 नोव्हेंबरला गाजा वादळ वेदारण्यमजवळ धडकलं तेव्हा वेलंकनीचंही बरंच नुकसान झालं. त्यामुळे दिवाळी नको. ख्रिसमस आणि नवीन वर्षाला गर्दी. मे महिन्यात गर्दी पण आणि उकाडा पण, ठाण्याचा मे गार वाटेल इतका. माझं मत विचाराल तर पोंगलची गर्दी ओसरल्यावर, म्हणजे जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारी संपेपर्यंत. हवा छान, समुद्रावर वारा, आणि मोठ्या देवळांच्या दगडी अंगणात अनवाणी चालताना पाय भाजत नाहीत, हा मुद्दा तंजावरला गेल्यावर कळेल.

पोहोचायचं कसं

सणाच्या वेळी रेल्वे मुंबईहून वेलंकनीसाठी स्पेशल गाड्या सोडते, त्यांची घोषणा थोडी उशिरा होते आणि तिकिटं उडतात, त्यामुळे ऑगस्टच्या सुरुवातीपासून लक्ष ठेवा. एरवी लोकमान्य टिळक टर्मिनसहून कारैकलला जाणारी आठवड्यातून एकदा सुटणारी गाडी आहे, तिने गेलात तर वेलंकनीजवळच्या नागपट्टिनमला उतरायचं, मधे कुठे बदलायला नको. तिचा वार तुमच्या रजेशी जुळला तर यापेक्षा सोपं काही नाही.

नाही जुळला तर चेन्नईमार्गे. मुंबई ते चेन्नई साधारण एक पूर्ण दिवस, आणि चेन्नईहून रात्रीची गाडी किंवा बस, पहाटे नागपट्टिनम. इथे एक भानगड लक्षात ठेवा, चेन्नईला सेंट्रल आणि एग्मोर अशी दोन मोठी स्टेशनं आहेत, वर काही गाड्या तांबरमहून सुटतात, आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या लांबच्या बस आता शहराबाहेर किळांबाक्कमच्या नवीन स्टँडवरून निघतात. तो स्टँड शहरापासून चांगलाच लांब आहे. म्हणजे "चेन्नईला उतरून बस पकडू" इतकं ते सरळ नाही, दोन गाड्यांच्या मधे किमान चार तास ठेवा. विमानाने जायचं तर त्रिची जवळ पडतं, तिथून वेलंकनी दीडशे किलोमीटरच्या आसपास आणि तंजावर वाटेतच. चेन्नईला विमानं जास्त आणि बऱ्याचदा स्वस्त, पण पुढचा प्रवास लांब.

ट्रेनचं रिझर्व्हेशन आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं 120 नाही, हे अजून खूप जणांना माहीत नसतं आणि मग घरातले ज्येष्ठ चार महिने आधीपासून मागे लागतात. जायचं तिकीट नागपट्टिनमचं आणि यायचं तंजावर किंवा त्रिचीहून, असं काढलंत की उलटा प्रवास वाचतो. सगळ्या प्लॅनिंगमधली ही एकच गोष्ट खरी महत्त्वाची आहे.

नागपट्टिनमहून वेलंकनी बारा किलोमीटर. 2010 पासून वेलंकनीला स्वतःचं रेल्वे स्टेशन आहे, पण तिथपर्यंत जाणाऱ्या गाड्या मोजक्याच, त्यांची वाट बघत बसू नका. नागपट्टिनम स्टँडवरून बस सतत असतात, नाहीतर रिक्षा. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा, मीटर वगैरे विसरा. बसच्या पाट्या तमिळमध्ये असतात, म्हणून ज्या ज्या गावाला जायचंय त्यांची नावं तमिळ लिपीत फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि कंडक्टरला दाखवा. आमचा अर्धा प्रवास असाच झाला, बोलण्यापेक्षा दाखवणं फास्ट पडतं.

वेलंकनी गावात

राहायला चर्चच्या देवस्थानाच्या स्वतःच्या खोल्या आहेत, साध्या, स्वच्छ, चर्चच्या अगदी जवळ. आधी चौकशी तिथे करा, नाही मिळाली तर प्रायव्हेट लॉज ढीगभर आहेत. बसमधून उतरल्या उतरल्या मागे लागणाऱ्या एजंटबरोबर जाऊ नका, रूम बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि बीचच्या अगदी तोंडावरची रूम घेतलीत तर रात्री उशिरापर्यंत आवाज सहन करायची तयारी ठेवा.

गाव छोटंसं, सगळं चालत होतं. मधोमध पांढरीशुभ्र बॅसिलिका, उंच टोकदार मनोरे, गॉथिक धाटणीची. 1962 मध्ये पोप तेविसाव्या जॉन यांनी तिला बॅसिलिकेचा दर्जा दिला. आत वेदीवर बाळ येशूला घेतलेली आरोग्य माता, आणि तिला साडी नेसवलेली असते. भाविक साड्या अर्पण करतात. आपल्याला देवीची खणानारळाने ओटी भरायची सवय, त्यामुळे इथे परकं वाटतच नाही.

इथल्या तीन गोष्टी सांगितल्या जातात. एका तळ्याकाठी दूध घेऊन चाललेल्या पोराला मातेने दर्शन दिलं आणि बाळासाठी दूध मागितलं, मग गिऱ्हाईकाच्या घरी पोहोचल्यावर भांडं पुन्हा काठोकाठ भरलेलं निघालं. दुसरी, ताक विकणाऱ्या पांगळ्या मुलाची, तो उठून चालायला लागला. आणि तिसरी पोर्तुगीज खलाशांची, मकाऊहून सिलोनकडे जाताना वादळात सापडले, मातेचा धावा केला, आणि 8 सप्टेंबरला या किनाऱ्याला सुखरूप लागले, म्हणून त्यांनी गवताच्या देवळाच्या जागी पक्कं देऊळ बांधलं. पुढच्या फेऱ्यांना येताना त्यांनी चिनी मातीच्या चित्र काढलेल्या प्लेट्स आणल्या, त्या वेदीपाशी बसवल्यात, त्या मुद्दाम बघा, बहुतेक लोक मूर्तीकडे बघून पुढे सरकतात.

क्रम असा ठेवा. सकाळी लवकर बॅसिलिका, तेव्हा गर्दी कमी. मग तिथून मातेच्या तळ्याकडे, म्हणजे ती दूधवाली गोष्ट जिथली सांगतात तिथे, एक सरळ रस्ता जातो, त्यावर वाळू टाकलेली एक पट्टी आहे, नवस बोललेले लोक ती गुडघ्यांवर चालत पार करतात. तिथे फोटो काढू नका. कोणी बोलणार नाही तुम्हाला, पण माणूस आपल्या आजारी पोरासाठी गुडघे सोलून घेत असतो आणि आपण मोबाईल समोर धरायचा, हे बरं दिसत नाही. तळ्यापाशी छोटं चर्च आहे, तळ्याचं पाणी लोक बाटलीत भरून नेतात. परत येताना अर्पण केलेल्या वस्तूंचं म्युझियम बघा. सोन्याचांदीचे पत्र्याचे हात, पाय, डोळे, हृदय, पाळणे, घरं, स्टेथोस्कोप, आणि बरोबर आभाराची पत्रं. माऊंट मेरीला आपण मेणाचे हातपाय वाहतो तशातलाच प्रकार, फक्त इथे धातूचा. मला सगळ्या वेलंकनीत हे म्युझियम जास्त आवडलं, प्रत्येक वस्तूमागे कोणाचं तरी घर आहे हे कळतं.

केस अर्पण करणारेही पुष्कळ, त्यासाठी वेगळी जागा आहे, तिथेच जा, रस्त्यावरच्या कुठल्याही न्हाव्याकडे नको. मेणबत्त्या, हार, तेल देवस्थानाच्या दुकानातून घेतलंत तर घासाघीस करावी लागत नाही. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे, बस, बाकी काही कडक नियम नाहीत. मिस्सा वेगवेगळ्या भाषांत असतात, त्या दिवसाच्या वेळा तिथल्या ऑफिसात विचारा. मिस्सा चालू असताना मागे उभं राहून ऐकलं तरी चालतं, पण प्रसाद समजून भाकर घ्यायला रांगेत उभं राहू नका, ती फक्त त्यांच्या धर्मातल्यांसाठी असते. आमच्या बिल्डिंगमधल्या मावशींनी हे निघायच्या आधी दोनदा बजावलं होतं, "बाबा, रांगेत घुसू नको हां!"

बीचवर पहाटे जा. आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, इथे समुद्रातून वर येतो, तेवढ्यासाठी एक दिवस साडेपाचला उठायला हरकत नाही. पाण्यात मात्र पोटऱ्यांच्या पुढे नको, समुद्र वरून शांत दिसतो पण ओढ भयंकर असते. 26 डिसेंबर 2004 ला, ख्रिसमसच्या दुसऱ्याच दिवशी, सुनामी आली तेव्हा हा बीच यात्रेकरूंनी भरलेला होता, आणि भारताच्या मुख्य भूमीवर जास्तीत जास्त माणसं गेली ती याच नागपट्टिनम जिल्ह्यात.

खाण्याचं म्हणाल तर केळीच्या पानावरचं मील्स सगळीकडे, उत्तर भारतीय थाळी आणि केरळी जेवणही मिळतं. बीचच्या रस्त्यावर मसाला लावून ठेवलेले मासे समोर तळून देतात. आपली सुरमई म्हणजे त्यांची वंजिरम, तेच नाव सांगा. सकाळी मासे ताजे असतात, रात्री दहाला तव्याशेजारी पडलेला तुकडा घेऊ नका, आणि वजन की नग, भाव कशाचा ते तळायला टाकण्याआधी विचारा.

दुसरा दिवस: किनाऱ्याने वर

एक गाडी दिवसभरासाठी ठरवा, चौघं असाल तर बसपेक्षा फार महाग पडत नाही. वेलंकनी, नागपट्टिनम, नागोर, कारैकल, तरंगमबाडी, सगळं एकाच रस्त्यावर आहे. सकाळी सातला निघा आणि थेट तरंगमबाडीला जा, बाकीचं येताना, कारण तिथे दुपारी सावली नाही.

तरंगमबाडी म्हणजे इंग्रजांचं ट्रँक्वेबार. 1620 मध्ये डेन्मार्कच्या लोकांनी तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून इथे किल्ला बांधला, डॅन्सबोर्ग, आणि 1845 मध्ये इंग्रजांना विकून टाकला. डेन्मार्कसारख्या एवढ्याशा देशाची भारतात वसाहत होती हेच मुळात आपल्याला शाळेत कोणी सांगितलेलं नसतं. किल्ला छोटा आहे, रायगड बघितलेल्या माणसाला हा बंगलाच वाटेल, पण समुद्राला अगदी खेटून, पिवळसर भिंती, आत छोटं म्युझियम. शुक्रवारी बंद असतं, त्यामुळे हा दिवस शुक्रवारी पाडू नका. गावात शिरताना 1792 ची वेस लागते आणि मग किंग स्ट्रीट, दोन्ही बाजूंना जुनी घरं आणि चर्चं. 1706 मध्ये इथे झीगेनबाल्ग नावाचा जर्मन पाद्री आला, भारतातल्या पहिल्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांपैकी एक, त्याने तमिळ शिकून घेतली, छापखाना आणला आणि 1715 पर्यंत बायबलचा नवा करार तमिळमध्ये छापून काढला. त्याने बांधलेलं 1718 चं न्यू जेरुसलेम चर्च अजून उभं आहे आणि त्याची कबर तिथेच आहे. म्हणजे कॅथलिक यात्रेच्या गावापासून तासा-दीड तासावर प्रोटेस्टंट लोकांचा इतका मोठा धागा सापडतो. हा धागा जरा लक्षात ठेवा, तंजावरला परत येणार आहे. किल्ल्याजवळ समुद्राने खाल्लेलं मासिलामणीनाथाचं जुनं शिवमंदिर आहे, तेही बघा.

परतताना कारैकल. हे पुद्दुचेरीत मोडतं, पूर्वी फ्रेंचांकडे होतं. बघण्यासारखं फ्रेंच फारसं नाही, जेवायला थांबा. दारू स्वस्त म्हणून बाटल्या गाडीत भरू नका, पुढे लगेच तमिळनाडूची हद्द लागते आणि चेकिंग असतं. शनीला मानणारे असाल तर जवळच तिरुनल्लारला शनीचं प्रसिद्ध देवस्थान आहे, शनिवारी मात्र तिकडे फिरकू नका, इतकी गर्दी.

मग नागोर. इथे शाहुल हमीद या सोळाव्या शतकातल्या सूफी संताचा दर्गा आहे, पाच मिनार. त्यातला उंचात उंच, 131 फुटांचा, बांधला तंजावरच्या मराठा राजाने, प्रतापसिंह भोसल्यांनी. प्रतापसिंह गादीवर आले 1739 मध्ये. त्याच वर्षी इकडे चिमाजी अप्पांनी वसई घेतली होती, आणि ठाण्याचा किल्ला, ज्यात आज आपलं सेंट्रल जेल आहे, तो त्याच्या दोन वर्षं आधी मराठ्यांकडे आला होता. म्हणजे एकीकडे मराठे पोर्तुगीजांशी लढतायत आणि त्याच काळातला दुसरा मराठा राजा हजार-बाराशे किलोमीटरवर दर्ग्याला मिनार बांधून देतोय. आत जाताना डोकं झाकायला रुमाल लागतो, बरोबर ठेवा. दर्ग्यातही नवसाला मुंडण करणारे हिंदू भरपूर दिसतील. एकाच दिवशी चर्च, देऊळ आणि दर्गा करणारी कुटुंबं इथे नेहमीची आहेत, गाडीवाल्याला सांगावंही लागत नाही.

नागपट्टिनम शहरात वेळ उरला तरच थांबा. डचांनी ते 1658 मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलं आणि 1781 मध्ये इंग्रजांनी डचांकडून. त्याआधी, चोळांच्या काळात, सुमात्रा-मलायाकडच्या श्रीविजयाच्या राजाने इथे बौद्ध विहार बांधला होता. आज वर काही शिल्लक नाही, बंदर आणि मासळीबाजार बघून निघा.

वेलंकनीच्या दक्षिणेला वेदारण्यम आणि कोडियक्करै आहे, 1930 मध्ये राजाजींनी त्रिचीहून मीठ सत्याग्रहाची पदयात्रा नेली ती इथेच. पुढे पक्षी अभयारण्य, थंडीत फ्लेमिंगो येतात. पण ऐरोली आणि सीवूड्सला खाडीवर फ्लेमिंगो बघणाऱ्यांनी त्यासाठी अर्धा दिवस घालवू नये असं मला वाटतं, इतिहासाची आवड असेल तर जा.

तंजावर, इथे घाई नको

सकाळी वेलंकनीहून तिरुवारूरमार्गे तंजावर, अडीच-तीन तास. तिथे एक रात्र तरी राहाच. मोठं देऊळ, बृहदीश्वर, दुपारी बंद होतं, त्यामुळे पोहोचल्यावर आधी राजवाडा, आणि देऊळ साडेचारनंतर, उन्हं उतरल्यावर. राजराजा चोळाने 1010 मध्ये पूर्ण केलेलं, दोनशे फुटांहून उंच शिखर, युनेस्कोच्या यादीत 1987 पासून. याचे फोटो सगळ्यांनी बघितलेले असतात, म्हणून जास्त सांगत नाही. मी सांगतो ते वेगळंच. आवाराच्या कडेने जी लांबच लांब ओवरी जाते तिच्या नैऋत्येच्या बाजूला भिंतीवर चक्क मराठीत कोरलेला शिलालेख आहे, भोसले घराण्याचा इतिहास, 1803 मध्ये सरफोजी राजे दुसरे यांनी कोरून घेतलेला, भिंतीमागून भिंत भरलीय. अक्षरं देवनागरी. तुम्ही थोडं डोळे बारीक करून वाचू शकता! चहूकडे तमिळ पाट्या, तमिळ बोलणं, हजार वर्षांचं चोळ देऊळ, आणि आपण उभं राहून शिवाजी महाराजांच्या घराण्याची हकीकत मराठीत वाचतोय. गाइड बहुतेक वेळा हा भाग टाळून पुढे नेतात कारण बाकीच्या पर्यटकांना त्यात रस नसतो, तुम्ही हट्टाने थांबवा.

थोडी पार्श्वभूमी, म्हणजे बघताना गोंधळ होणार नाही. महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजांनी 1675 च्या सुमारास तंजावर घेतलं आणि 1855 मध्ये इंग्रजांनी ते खालसा केलं. मधल्या राजांत सरफोजी दुसरे हे वेगळंच रसायन. लहानपणी त्यांना सांभाळलं आणि शिकवलं श्वार्ट्झ नावाच्या मिशनऱ्याने, जो 1750 मध्ये तरंगमबाडीच्याच मिशनमध्ये आला होता, तोच तो मघाचा धागा. श्वार्ट्झ 1798 मध्ये वारला, त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले, आणि त्यांनी आपल्या गुरूसाठी इंग्लंडच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलं. मोठ्या देवळाच्या शेजारीच शिवगंगा बागेजवळ श्वार्ट्झचं चर्च आहे, त्यात ते आहे. मरणशय्येवरचा पाद्री आणि त्याचा हात धरलेला मराठा राजा. चर्च बऱ्याचदा बंद असतं, आसपास चौकशी केली की कोणीतरी किल्ली घेऊन येतं.

राजवाड्यात सरस्वती महाल लायब्ररी. सुरुवात भोसल्यांच्या आधीच्या नायक राजांच्या काळातली, वाढवली सरफोजींनी. मराठी हस्तलिखितंच तीन हजारांच्या वर. मूळ हस्तलिखितं आपल्याला चाळायला मिळत नाहीत, पण बाजूच्या छोट्या म्युझियममध्ये निवडक पोथ्या, ताडपत्रं, जुने नकाशे लावलेत. तिथेच आर्ट गॅलरीत चोळांचे ब्राँझचे नटराज आहेत, त्याला अख्खा तास द्या. प्रत्येक भागाचं तिकीट वेगळं आणि कॅमेऱ्याचं अजून वेगळं, सुट्टे पैसे ठेवा. प्रत्येकाचा साप्ताहिक सुट्टीचा वारही वेगळा, लॉजवाल्याला आदल्या रात्री विचारून घ्या.

गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. त्यांचं मराठी आपल्यापेक्षा जुन्या वळणाचं, मधे तमिळ मिसळलेलं. आपण मोठ्याने मराठीत बोलत असलो की एखादे काका थांबून "कुठचे तुम्ही?" विचारतात. घाईत असलात तरी तेव्हा थांबा, खरेदीचं दुकान, जेवायची जागा, सगळं तेच सांगतील. तंजावरची मान हलवणारी बाहुली घ्यायची तर कागदात दोनदा गुंडाळून हॅन्डबॅगेत, सुटकेसमध्ये टिकत नाही.

आणखी अर्धा दिवस हातात असेल तर दोन पर्याय. एक कुंभकोणमकडे दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर, कोरीवकाम मोठ्या देवळापेक्षाही बारीक, गर्दी नाही. दुसरा, आणि यात्रेच्याच दृष्टीने जास्त जवळचा, पूंडी मातेची बॅसिलिका. अठराव्या शतकात इटलीहून आलेल्या बेस्की नावाच्या जेझुइट पंथाच्या पाद्र्याने सुरू केलेलं देवस्थान, ज्याला तमिळ लोक वीरमामुनिवर म्हणून आपला मोठा साहित्यिक मानतात. वेलंकनीची गडबड सहन झाली नसेल त्यांनी इथे जा, झाडं, मोकळं आवार, शांतपणे बसता येतं. आणि ते तंजावरहून त्रिचीकडे जाताना थोडी वाट वाकडी करून होतं, त्यामुळे परतीचं विमान त्रिचीचं असेल तर गाडीवाल्याला तसंच सांगा. ट्रेनने परतायचं तर तंजावरहून चेन्नईला रात्रीची उळवन एक्सप्रेस आहे, सकाळी चेन्नई आणि मग दुपारची मुंबईची गाडी.

ज्यांना एवढं लांब जमणारच नाही, आजारपण आहे, पैसे नाहीत, त्यांच्यासाठी आपल्याच ठाणे जिल्ह्यात उत्तनला वेलंकनी मातेचं देवस्थान आहे, समुद्राजवळ, सप्टेंबरमध्ये तिथेही मोठी गर्दी असते. भाईंदर स्टेशनहून बस मिळते. बरोबर ज्येष्ठ असतील तर सणाचे दिवस सोडून सकाळी जा, रस्ता अरुंद आहे आणि संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अडकायला होतं.